डावा पाय

पट्टा सुरू होतो तेव्हा आधी नुसती घरघर,
मग नाझनीनचा आवाज: चलो भिया, पहले एड़ी.
हे वर टांगलेले, छातीला खोगीर आवळल्यासारखे,
अर्धं वजन छतातल्या हुकाला, अर्धं स्वतःचं.
उजवा पाय नाझनीनकडे. डावा माझ्याकडे.
मी पाटावर बसते. पाट घरून आणलाय.

एक हात गुडघ्याखाली, एक घोट्यामागे.
ओढायचं नाही.
पाऊल मागे जाईल तितकं जाऊ द्यायचं
आणि कंबर मोकळी झाली की पुढे सोडायचं,
पाळण्याला देतात तेवढाच धक्का.
हे शिकायला मला तीन आठवडे लागले.
यांना किती लागतील ते कुणी सांगत नाही.

सप्तपदीला आम्ही सात पावलं चाललो होतो
रामबागेतल्या हॉलमध्ये, तीही घाईत,
भटजींना पुढे दुसरं लग्न होतं.
इथे एका सकाळी हजाराच्या वर होतात.
मी मोजते. मोजलं की माझी पाठ कमी दुखते.

वीज कंपनीत लाइनमन. बावीस वर्षं खांबावर.
पडले ते खांबावरून नाही,
माझ्या भावाच्या गच्चीवरून, कूलरचा पाइप बसवताना.
भाऊ अजून आमच्याकडे आला की उभाच राहतो.

पहिल्या महिन्यात म्हणायचे, केबल तुटलीय,
मी तारांचा माणूस, मला नका शिकवू.
वर तार तुटली की खालचं गाव अंधारात.
नाझनीन म्हणाली, पूरी नहीं टूटी, थोड़े धागे बचे हैं,
और नीचे का गाँव, भिया, अंधेरे में भी जागता है.
त्याला रोज दाखवावं लागतं चालणं म्हणजे काय ते:
तळव्यावर भार, मग भार नाही, मग भार.
जे कराल तेच शिकतं.
नुसतं उभं केलंत तर उभं राहणं शिकेल
आणि तिथेच थांबेल,
कपडा मार्केटातल्या साडी नेसवलेल्या पुतळीसारखं.

तेव्हा काही बोलले नाहीत.
रात्री पंख्याकडे बघत म्हणाले,
तार काही शिकत नाही गं.
मग हे काय आहे?

देवासच्या वन्सं फोनवर विचारतात, चालतो का?
नाही.
बसतात, पाठीला उशी न लावता, ताट मांडीवर घेऊन.
उठवलं की डोळ्यांपुढे अंधारी येत नाही आता.
माकडहाडावरची जखम भरली.
रात्रभर पाय उडायचे, पलंग वाजायचा,
तो आता पहाटे एकदाच वाजतो
आणि मी त्यावर उठते, गजर लावत नाही.
बरं झालं, म्हणतात वन्सं. पण चालतो का?

गेल्या गुरुवारी, सातशे चाळीसच्या आसपास,
माझा हात धक्का द्यायला निघाला
आणि पाय तिथे नव्हता.
पुढे गेलेला. बोटभर.
माझं मोजणं चुकलं.

बोलले नाही. पट्ट्याचा हिसका असेल.
शुक्रवारी मुद्दाम हात सैल ठेवला. काही नाही.
शनिवारी दोनदा.
टेस्टर लावल्याशिवाय यांनी कुठल्या तारेला
जिवंत म्हटलं नाही, मेलेलीही नाही.
म्हणून रविवार जाऊ दिला.

सोमवारी रिक्षात सांगितलं, छावणीच्या सिग्नलला,
खुर्ची मागे दोरीने बांधलेली.
बाहेर बघत राहिले. सिग्नल सुटला.
मग म्हणाले, कुठला?
डावा.
तो तर तुझाच.

मला हसू आलं, यांना नाही.
खड्डा आला, दोन्ही गुडघे थडथडायला लागले,
मी दोन्हींवर हात ठेवून दाबून धरले.
पुढे पोह्यांची गाडी दिसली तसे हेच ओरडले,
रोकना भिया.
आणि मला, हळू: जिरावण जास्त टाकायला सांग.